कलामहर्षी बाबूराव पेंटर : भिंतीवरच्या कागदाला प्रतिष्ठा देणारा कारागीर

ज्या हातांत हत्यार असते त्या हातांची थोरवी जगाला बहुधा उशिरा कळते. वाडा बांधून उभा राहिला की धन्याचे नाव होते. तुळईवर वेलबुट्टी कोरणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. या नियमाला ज्या थोड्या पुरुषांनी अपवाद घडविला, त्यांत कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. चित्रपट-दिग्दर्शक म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे आणि ती यथायोग्य आहे. परंतु प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे एका निराळ्या, व आपल्या तरुण पिढीला अधिक उपयोगी पडेल अशा बाजूने पाहावयाचे आहे. ती बाजू म्हणजे चित्रपटाचे भित्तिपत्रक, ज्याला आपण सारे पोस्टर म्हणतो.

हा विषय निवडण्यास कारण आहे. सोनपेठ, गंगाखेड, मानवत, परळी या आपल्या पंचक्रोशीतील गावोगावी समाजाची कितीतरी मुले आज रंधा आणि पटाशी खाली ठेवून संगणकापुढे बसली आहेत. लग्न, वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन, निवडणूक अशा प्रत्येक प्रसंगाचे फलक ती तयार करतात. आजोबांनी सागवानाच्या चौकटीवर जे केले तेच नातू रबरी कापडाच्या फलकावर करीत आहे. माध्यम तेवढे बदलले. मात्र आजोबांनी केलेली चौकट साठ वर्षांनंतरही दाराला शोभा देते, आणि नातवाने केलेला फलक आठवड्याने उतरविला की त्याची आठवण कोणास राहत नाही. हे असेच चालावयाचे, अल्पजीवी कामात जीव ओतून काय उपयोग, असे पुष्कळांचे मत झाले आहे. या मताला बाबूरावांचे चरित्र हे सडेतोड उत्तर आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ उस्ताद, कामात मुरलेला गुरू. वडील कृष्णराव हे नावाप्रमाणेच कुशल कारागीर होते. घरात लाकूड, धातू, दगड यांची ओळख मुलांना अक्षरओळखीच्या आधी होई. चित्रकला व शिल्पकला बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेत जाऊन शिकली नाही. पाहावे, करून पाहावे, मोडावे आणि पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा. ही शिक्षणपद्धती आपल्या घरांना परकी नाही.

नात्याने बंधू असलेले आनंदराव हे त्यांचे जन्माचे सोबती. दोघांनी मिळून संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास आरंभ केला. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी केलेले पडदे त्या काळी गाजले. नाटकाचा पडदा रंगविणे हे काम दिसते तितके सोपे नसते. जवळून पाहिले तर तो नुसता रंगांचा ढीग. दूर खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाला मात्र तेथे राजवाड्याची खोल ओसरी, अरण्य किंवा नदीचा घाट दिसला पाहिजे. प्रेक्षक किती अंतरावर बसला आहे आणि दिव्यांचा उजेड कोणत्या बाजूने येतो, याचा हिशोब मनाशी ठेवूनच कुंचला चालवावा लागतो. हा हिशोब बाबूरावांच्या हातात इतका मुरला की पुढे त्यांनी केलेल्या प्रत्येक कामात तो उतरला. या कामामुळेच लोक दोघा बंधूंना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. धंद्याने दिलेले नाव त्यांनी अभिमानाने मिरविले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला आणि या दोघा बंधूंच्या मनाने चित्रपटाचा ध्यास घेतला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा जुनी यंत्रे मिळवावीत, उघडून पाहावीत, आणि स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार करावा असे त्यांनी ठरविले. दुर्दैवाने १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूराव खचले, परंतु थांबले नाहीत. त्यांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या मदतीने कॅमेरा पुरा केला. लेथ, कानस आणि धीर एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले ते यंत्र म्हणजे कारागिराच्या बुद्धीचे एक स्मारकच म्हटले पाहिजे. पैशाचे भांडवल गायिका तानीबाई कागलकर यांनी पुरविले, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला, आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात बाबूरावांनी स्त्रियांकडूनच त्या करविल्या. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळक प्रसन्न झाले व त्यांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. १९२३ सालच्या ‘सिंहगड’ मध्ये बाबूरावांनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात टिपले. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळच्या चित्रपटसृष्टीत ही फार मोठी मजल होती. पडद्यावर रंगविलेल्या देखाव्यांऐवजी खरेखुरे, उंची-खोली असलेले देखावे उभारण्याची प्रथाही त्यांनी रुजविली. प्रत्येक दृश्याचे रेखाटन आधी कागदावर करून मगच ते चित्रणास हात घालीत.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. चित्रपट नवा होता, तेव्हा त्याची जाहिरात कशी करावी हेही कोणास ठाऊक नव्हते. युरोपात मात्र सचित्र भित्तिपत्रकाची परंपरा होती. फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या खेळांच्या एका पोस्टरवर, माळ्याच्या तोंडावर पाण्याचा फवारा उडालेला पाहून हसत सुटलेले प्रेक्षकच चित्रित केलेले होते. आपल्याकडे आरंभी सारा भर शब्दांवर आणि आकड्यांवर असे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या एका प्रसिद्ध जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीची फीत, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत, असा हिशोब मांडला होता. फाळक्यांची ती युक्ती चतुर होती व त्या प्रसंगी ती लागूही पडली. परंतु ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला त्या आकड्यांचा काय उपयोग? आणि त्या काळी वाचता न येणारेच बहुसंख्य होते.

बाबूरावांनी ही अडचण नेमकी ओळखली. चित्र दाखविणाऱ्या धंद्याची जाहिरात चित्रानेच झाली पाहिजे, या साध्या तत्त्वावर त्यांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविण्यास सुरुवात केली. १९२१-२२ च्या सुमारास चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या छोट्या पुस्तिकाही त्यांनी प्रेक्षकांना वाटल्या. त्यांची भव्य भित्तिपत्रके पाहून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी त्यांची वाखाणणी केली. ज्या कलाशाळेची पायरी बाबूराव विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत, त्या शाळेच्या प्रमुखाने रस्त्यावरच्या कागदापुढे थांबावे, यात कारागिराचा जो गौरव आहे तो मानपत्रांत मिळत नाही.

१९२४ साली त्यांचा ‘कल्याणचा खजिना’ हा चित्रपट आला. या चित्रपटासाठी बाबूरावांनी केलेले भित्तिपत्रक सुदैवाने शिल्लक राहिले असून, भारतीय चित्रपटांच्या आज उपलब्ध असलेल्या सचित्र भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुने मानले जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक मूक चित्रपटांच्या फिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. ज्या फितीसाठी हजारो रुपये आणि महिनोनमहिने खर्ची पडले त्या गेल्या. आणि भिंतीवर दोन आठवडे टिकावा म्हणून केलेला कागद शंभर वर्षे टिकला. नशिबाचा भाग यात आहेच. पण कोणीतरी तो कागद उतरवून जपून ठेवावा असे वाटण्याइतका तो चांगला होता, ही गोष्ट नशिबाची नव्हे, हाताची आहे.

या भित्तिपत्रकामागील प्रश्न आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा. कथा सर्वांस ठाऊक आहे. आबाजी सोनदेवांनी कल्याणचा खजिना हस्तगत केला, त्यासोबत सुभेदाराची सून महाराजांपुढे आणली, आणि महाराजांनी तिला मातेप्रमाणे मानून सन्मानाने परत पाठविले, अशी ती प्रसिद्ध आख्यायिका. आता चित्रपटाचे नाव खजिन्याचे आहे. कथेचा प्राण मात्र सोन्यानाण्यात नसून एका क्षणी दाखविलेल्या शीलात आहे. चित्रपटाला हे सांगावयास दीड-दोन तास मिळतात. भित्तिपत्रकाला एकच चौकट मिळते, आणि पाहणारा तर चालता चालता पाहतो. त्या चौकटीत घोडदौड घालावी की मोहरांच्या राशी, दरबार घालावा की चेहरा, हे कोण ठरविणार? ज्याला कथेचे मर्म उमगले आहे तोच. बाबूरावांना ते ठरविणे शक्य झाले, कारण चित्रपटाचा दिग्दर्शक, देखाव्यांचा आखणीकार आणि भित्तिपत्रकाचा चित्रकार हे तिघेही एकाच देहात नांदत होते. आजचा फलक करणारा मुलगा चित्रपट दिग्दर्शित करीत नाही, हे खरे. परंतु ज्या दुकानाचा वा समारंभाचा फलक करावयाचा त्याचे मर्म आधी विचारून घेणे तर त्याच्या हातात आहे. संगणक उघडण्यापूर्वी गिऱ्हाइकाशी पाच मिनिटे बोलावे, आणि सांगावयाची एकच गोष्ट कोणती, हे कागदावर लिहून काढावे. हा पहिला धडा.

दुसरा धडा अंतराचा. नाटकाच्या पडद्यापासून बाबूराव हे शिकले होते की चित्र हाताच्या अंतरावरून नव्हे, पाहणाऱ्याच्या अंतरावरून तपासावयाचे. संगणकाच्या पडद्यावर जे अक्षर टपोरे दिसते ते परळी रस्त्यावरच्या खांबावर चढले की मुंगीएवढे होते. काम पुरे झाले की खुर्ची मागे सारून वीस पावले दूर जावे आणि काय वाचता येते ते पाहावे. जे वाचता येत नाही ते मुळी नव्हतेच असे समजावे.

तिसरा धडा उजेडाचा. बाबूरावांनी चित्रपटात परावर्तित प्रकाशाचा जो कौशल्याने वापर केला त्याचे मूळ त्यांच्या चित्रकलेत होते. चित्रात प्रकाश एका बाजूने आला पाहिजे. मग एका ठिकाणी उजळ आणि बाकी सावली, आणि डोळा आपोआप उजळ जागी जातो. आजच्या फलकांवर पाहावे तर दहा छायाचित्रे दहा ठिकाणांहून कापून आणलेली, प्रत्येकाच्या तोंडावर निराळा उजेड. सारेच उजळ असले म्हणजे काहीच उजळ राहत नाही.

चौथा धडा संयमाचा. त्या काळी रंगीत भित्तिपत्रके शिळाछापावर निघत. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे, आणि एक रंग वाढला की खर्च व श्रम दोन्ही वाढत. त्यामुळे रंग मोजून वापरावे लागत. त्या मोजण्यातूनच शोभा येई. संगणकाने लक्षावधी रंग फुकट दिले आणि मोजण्याची सवय मोडली. आपल्या घरात लाकूड मोजूनमापून कापण्याचा संस्कार आहे. एक सूत चुकले तर फळी वाया जाते, हे आपली मुले पाळण्यात असल्यापासून ऐकतात. रंग आणि जागा यांनाही फळीच मानावे, इतकेच करावयाचे आहे. मोकळी सोडलेली जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. चौकटीतली पोकळी असते म्हणून तर दाराला दार म्हणतात.

बाबूरावांच्या आयुष्याचा उत्तरार्ध यशाच्या मोजमापाने पाहिला तर उतरणीचा वाटेल. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची ती करुण कथा. शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. देवादिकांच्या आणि ऐतिहासिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकाने त्याला हवा तसा आश्रय दिला नाही. आपण मराठवाड्यातील लोक, कापूस आणि सावकार या दोहोंशी पिढ्यानपिढ्या गाठ पडलेले. त्या चित्रपटाचे मोल आपणास निराळे सांगावयास नको. पुढे १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मंडळी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने प्रभात फिल्म कंपनी स्थापून बाहेर पडली. १९३१ साली बोलपटाचे युग उगवले आणि त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दार मिटले. शब्द आले की चित्राची भाषा दुबळी होईल, अशी बाबूरावांची भीती होती व बोलपटाविषयी त्यांना विशेष ओढा नव्हता. तरीही शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि ‘सावकारी पाश’ची बोलकी आवृत्ती त्यांनी केली. पुढे ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. मन रमे ते चित्रात आणि शिल्पात. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील महाराजांचा अर्धपुतळा, जो १९४५ साली उभा राहिला, तो त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांची जीवनयात्रा संपली.

त्यांच्या शिष्यांकडे पाहिले म्हणजे हे आयुष्य उतरणीचे नव्हते हे ध्यानी येते. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ निर्माण केला व त्याचा गौरव व्हेनिसच्या महोत्सवात झाला. शांताराम तर अखिल भारताला ठाऊक झाले. यांतील शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, ते मुसलमान; दामले ब्राह्मण; इतर आणखी निरनिराळ्या घरांतले. बाबूरावांनी शिकविताना हात पाहिला, घर विचारले नाही. ही गोष्ट जातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिताना मला संकोच वाटत नाही. उलट ती येथेच लिहिली पाहिजे. एखाद्या थोर पुरुषाला आपला म्हणून हार घालणे सोपे आहे. तो ज्या मोकळ्या मनाने विद्या देत होता त्या मनाने आपणही ती दिली, तरच त्याला आपला म्हणण्याचा अधिकार आपणास पोचतो. आपल्या दुकानात काम शिकू इच्छिणारा मुलगा कोणाचाही असो, मुलगी असो, त्यांना जवळ बसवावे.

आणखी एक गोष्ट बोलून दाखविणे मला शिक्षक या नात्याने प्राप्त आहे. ज्याचा हात चांगला चालतो अशा मुलाला घरातील वडीलधारी माणसे चित्रे काढण्यावरून रागावतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. पोटापाण्याची काळजी त्यामागे असते हे मी जाणतो. नोकरीचा आग्रह चुकीचा नाही. परंतु हाताची विद्या ही कमीपणाची, ती आजोबांच्या पिढीबरोबर गेली तर बरे, ही भावना मात्र घातक आहे. हाताने रंगविलेल्या पाट्यांचा धंदा फ्लेक्सने जवळजवळ बुडविला. उद्या संगणकावरचा फलकही एखादे नवे यंत्र आपोआप करू लागेल, नव्हे, करू लागलेच आहे. अशा वेळी यंत्र चालविता येणारा टिकणार नाही; काय दाखवावे आणि काय गाळावे हे ज्याला कळते तोच टिकेल. कॅमेरा नव्हता म्हणून बाबूराव अडले नाहीत आणि कॅमेरा मिळाला म्हणून कुंचला विसरले नाहीत, यातले मर्म हेच होय.

म्हणून समाजाच्या कार्यकारी मंडळापुढे मी एक नम्र सूचना ठेवितो. आपल्या पुढील वार्षिक मेळाव्याचे भित्तिपत्रक छापखान्यातून तयार आणू नये. ते समाजातील मुलामुलींकडून हाताने काढवून घ्यावे. अटी तीनच असाव्यात. एक, त्यात मेळाव्याचा एकच विचार चित्ररूपाने यावा. दोन, पदाधिकाऱ्यांचे एकही छायाचित्र त्यावर नसावे. तीन, ज्याने ते काढले त्याचे नाव कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेले असावे. आलेली सर्व चित्रे मेळाव्याच्या मंडपात लावावीत. निवडलेले चित्र सोनपेठच्या बाजारपेठेत दर्शनी भिंतीवर लागावे. मेळावा पार पडल्यावर ते फाडून टाकू नये, गुंडाळी करून समाजाच्या कपाटात ठेवावे. दुसऱ्या चित्राची सूचना कोणी आणली तर तिचेही स्वागत आहे. पण दुसरी अट मात्र कृपा करून वगळू नये.

विश्वकर्म्याच्या पूजेला आपण हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडतो. त्या पाटावर यंदा एक कुंचलाही ठेवावा, आणि जेथे संगणक आहे तेथे त्याच्यापुढेही फूल वाहावे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.